उत्तर नसलेल्या प्रश्नाची गोष्ट कानाला कशी सांगायची?

प्रश्न भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "विज्ञानातल्या न सुटलेल्या प्रश्नांवर मराठीत ऑडिओ मालिका करायची आहे. पण ज्याला उत्तरच नाही ती गोष्ट संपवायची कशी? अर्धा तास ऐकून हाती काहीच लागलं नाही, तर माणूस पुढचा भाग कशाला ऐकेल? आणि शास्त्रज्ञ तरी माइकसमोर 'आम्हाला माहीत नाही' असं का म्हणतील?"

मी हे काम १७ वर्षं करते आहे, आधी रेडिओसाठी, आता पॉडकास्टसाठी. सुरुवातीला मलाही हीच भीती वाटायची. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी 'शास्त्रज्ञ यावर अजून संशोधन करत आहेत' असं म्हणून मी मोकळी व्हायचे. आता ते वाक्य मी लिहीत नाही. त्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. कुठे संशोधन करत आहेत? नेमकं काय अडलं आहे? ते कळलं तर काय बदलेल? प्रत्येक 'माहीत नाही'ला एक नेमका पत्ता असतो. कधी तो जमिनीखाली इतक्या किलोमीटरवर असतो, कधी दोन प्रयोगांच्या आकड्यांमधल्या फरकात. ऐकणाऱ्याला त्या पत्त्यावर नेऊन उभं करणं एवढंच आपलं काम. तिथवर नीट पोहोचलेला माणूस फसल्यासारखा वाटून परत जात नाही, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे.

ज्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त काम केलं, आणि सर्वांत मोठी चूकही केली, त्याच्याच आधाराने सांगते. तो प्रश्न कोयनेचा.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरच्या परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग, इथे मोठा भूकंप होत नाही, असं तोवर मानलं जायचं. पण १९६२ मध्ये कोयना धरणाच्या जलाशयात, शिवाजीसागरात, पाणी साठू लागलं तेव्हापासूनच लहान धक्के सुरू झाले होते, आणि त्यांच्याबरोबर सुरुंगासारखे आवाज येतात अशा तक्रारीही होत्या. धक्के आजतागायत थांबलेले नाहीत. साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब एवढ्याशा पट्ट्यात ५ पेक्षा मोठे वीसहून जास्त भूकंप होऊन गेले आहेत, लहानांची गणती हजारांत आहे. पावसाळ्यात जलाशय भरला की काही आठवड्यांनी धक्के वाढतात. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला, आणि पुढे १९९३ च्या सुमारास धक्क्यांचा भर तिकडे सरकला.

यातलं काय सुटलं आहे आणि काय नाही, हे वेगळं काढण्यातच माझे पहिले २ महिने गेले. धरणाच्या पाण्याचा या भूकंपांशी संबंध आहे, यावर आता वाद नाही. खडकात ताण आधीपासून साठलेला होता, पाण्याने तो चाळवला. अडलंय ते पुढे. वरून शिरलेलं पाणी, किंवा त्याचा नुसता दाब, कित्येक किलोमीटर खालच्या भेगेपर्यंत कसा पोहोचतो? जगात हजारो धरणं आहेत, मग ६ पेक्षा मोठा धक्का चीनमधल्या शिनफेंगजियांग, आफ्रिकेतल्या करिबा, ग्रीसमधल्या क्रेमास्ता आणि आपल्या कोयनेसारख्या मोजक्याच ठिकाणी का बसला? इतर ठिकाणी काही वर्षांत सारं शांत होतं, कोयनेला इतकी दशकं लोटली तरी का नाही? आणि पुढचा मोठा धक्का आधी ओळखता येईल का?

याच प्रश्नांसाठी कोयनेच्या परिसरात दीड किलोमीटर खोलीची विवरं, म्हणजे बोअरहोल, खणली गेली. मग २०१७ मध्ये गोठणे गावाजवळ ३ किलोमीटरचं पथदर्शी विवर पूर्ण झालं. कराडला त्यासाठी बोअरहोल जिओफिजिक्सची वेगळी प्रयोगशाळा आहे. विवरातून कळलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली: साधारण एक किलोमीटर बेसॉल्ट संपला की थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक लागतात, मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. भूकंप मात्र त्याहून खाली, बहुतेक १० किलोमीटरच्या आत होतात. म्हणजे 'माहीत नाही'चा पत्ता मिळाला. ३ किलोमीटरपर्यंत माणसाची उपकरणं गेली आहेत, त्याखालचे काही किलोमीटर अजून कुणी हात लावून पाहिलेले नाहीत. माझ्या भागाचा मध्य त्या वाक्यावर उभा राहिला.

आता चूक. त्या भागाच्या पहिल्या आवृत्तीत १९६७ ची आठवण सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या आवाजाखाली मी खोल घरघर टाकली होती, ध्वनिसंग्रहातून घेतलेली. ऐकायला प्रभावी होती. भाग प्रसारित झाल्यावर कोयना खोऱ्यातल्या एका आजींच्या नातवाचा फोन आला. त्याने तो आजींना मोबाईलवर ऐकवला होता. आजी म्हणाल्या, "पोरी, आवाज असा घरघरत नव्हता आला. सुरुंग उडवल्यासारखा धाडकन आला, आन् मग जमीन हलली. आवाज आधी, हादरा मागनं."

मी आठवडाभर अस्वस्थ होते, कारण आजी भूकंपशास्त्र बोलत होत्या. भूकंपाच्या प्राथमिक लहरी वेगाने धावतात, त्या आधी पोहोचतात. उगम जवळ आणि उथळ असेल तर त्यांतली जलद कंपनं जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला आवाज म्हणून ऐकू येतात. जोरदार हलवणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात. उगम १० किलोमीटरवर असेल तर दोन्हींत साधारण सव्वा सेकंदाचं अंतर पडतं. आजींच्या वाक्यात भूकंप उथळ आहे आणि जवळचा आहे हे दोन्ही दडलेलं होतं, आणि मी त्यावर विकतची घरघर ओतून ते पुसलं होतं. तो भाग मी मागे घेतला, पुन्हा केला, आणि काय बदललं ते सुरुवातीलाच सांगितलं. तेव्हापासून साक्षीदाराच्या आवाजाखाली मी कुठलाही ध्वनिपरिणाम ठेवत नाही.

मग भूकंप ऐकवायचाच नाही का? ऐकवता येतो, पण प्रामाणिकपणे. भूकंपमापक जमिनीची हालचाल बहुतेक वेळा सेकंदाला १०० वेळा नोंदवतो. त्या नोंदी जशाच्या तशा घेऊन सेकंदाला ४४,१०० या वेगाने वाजवल्या, तर सगळं ४४१ पट वेगाने जातं. जे कंपन आपल्या कानाच्या आवाक्याखाली होतं ते ऐकू येऊ लागतं. एक तास ८ सेकंदांत संपतो. जमिनीचा आख्खा दिवस ३ मिनिटं १६ सेकंदांत ऐकून होतो: बारीक खरखर चालू असते आणि मध्येच टिचकी मारल्यासारखा एखादा धक्का येतो. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा मी जागची हलले नाही. मात्र हे वाजवण्याआधी सांगायचं: 'ही कोयनेची खरी नोंद आहे, ४४१ पट वेगाने.' नंतर सांगून उपयोग नाही. कानाने एकदा विश्वास ठेवला की दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे न सांगितल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण जगभर फिरतं आहे. प्रशांत महासागरात १९८९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पाण्याखालच्या माइकांवर ५२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५२ कंपनांच्या, आसपास गाणाऱ्या एका देवमाशाचा आवाज सापडला. त्याच्या जवळपासच्या जातींचे देवमासे बहुधा १५ ते २५ हर्ट्झमध्ये गातात. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरी संशोधन संस्थेच्या विल्यम वॉटकिन्स यांनी वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवला, आणि २००४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. लोकांपर्यंत मात्र पोहोचला तो 'जगातला सर्वांत एकाकी देवमासा'. तो एकाकी आहे की नाही हे त्या नोंदींतून कळत नाही. इतर देवमाशांना ५२ हर्ट्झ ऐकू येत नसावं असंही मानायचं कारण नाही. आणि सगळीकडे फिरणारी ती करुण हाक १० पट वेगाने वाजवलेली असते. तो कोणत्या जातीचा, एकच होता की त्यासारखे आणखी, हा खरा प्रश्न त्या करुणेखाली गाडला गेला. गोष्ट सांगणाऱ्यांनी प्रश्नाचं केलेलं हे नुकसान आहे, म्हणून मला त्याचा राग येतो.

आता तुमच्या पहिल्या शंकेकडे येते, ऐकणाऱ्याच्या हाती काय लागणार? माझा एक ठाम आडाखा आहे. मोठा प्रश्न उघडा ठेवायचा असेल तर त्याच्या पोटातला एक लहान प्रश्न त्याच भागात पूर्ण सोडवून द्यायचा. यासाठी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट मला फार आवडते. ६४ मीटर व्यासाच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या २००१ मधल्या जुन्या नोंदींत एक अतिशय तीव्र, काही मिलिसेकंदांचा रेडिओ स्फोट सापडला, आणि २००७ मध्ये तो जाहीर झाला. आकाशगंगेच्या बाहेरून, फार दुरून आल्यासारखा तो दिसत होता. पुढे त्याच दुर्बिणीवर तसेच दिसणारे काही संकेत आढळले, पण ते उघडउघड पृथ्वीवरचे होते. त्यांना पेरिटॉन म्हणू लागले. मग शंका आली की तो पहिला स्फोटही असाच कुठला स्थानिक गोंधळ नसेल ना? २०१५ मध्ये छडा लागला. वेधशाळेत कुणी मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच त्याचं दार उघडलं, आणि दुर्बीण नेमकी त्या दिशेला असली, की पेरिटॉन उमटायचा.

ऐकणाऱ्याला इथे खरोखरचं समाधान मिळतं, कारण दार सापडलं. आणि त्या समाधानानंतर मोठा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तो पहिला स्फोट ओव्हनच्या खुलाशात बसत नाही. आता असे हजारो स्फोट नोंदले गेले आहेत. काहींचा संबंध प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांशी जोडता येतो, पण सगळ्यांचं कारण तेच का, हे उघडंच आहे. अशा रचनेत शेवटी 'माहीत नाही' आलं तरी ऐकणाऱ्याला वाटेत एक कुलूप उघडून मिळालेलं असतं. कोयनेच्या भागात ते काम आजींच्या 'आवाज आधी, हादरा मागनं' या वाक्याने केलं.

शास्त्रज्ञ 'माहीत नाही' म्हणतील का? न विचारता म्हणणार नाहीत. माइक समोर आला की बहुतेक जण पाठ्यपुस्तकासारखं बोलू लागतात. यात त्यांचा दोष नाही. आपल्या सावध वाक्याचा भडक मथळा झालेला त्यांनी पाहिलेला असतो. म्हणून मी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते: तुमच्या नावावर जाणारं प्रत्येक तथ्य प्रसारणाआधी तुम्हाला वाचून दाखवीन, आणि आपण उठेपर्यंत रेकॉर्डर चालू राहील. दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय रेकॉर्डर चालू ठेवणं मला मंजूर नाही. पण सांगून ठेवला, तर चहा येतो तेव्हा जे बोलणं होतं ते बऱ्याचदा मुलाखतीहून सरस निघतं.

'अजून काय कळलेलं नाही?' असं थेट विचारू नका. त्यावर व्याख्यान मिळतं. मी विचारते: कोणतं एक मोजमाप उद्या हाती आलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल? तुमच्या शेवटच्या शोधनिबंधातलं कोणतं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला? तुमच्याशी असहमत असलेल्या माणसाचा सर्वांत चांगला मुद्दा कोणता? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण आधी गप्प होतात. ती शांतता कापू नका. एडिट करताना पाच सेकंदांची असेल तर तीन ठेवा, पण ठेवा. विचार करणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येणं ही ऑडिओची कमाई आहे, ती छापील लेखात मिळत नाही.

आणखी एक सवय. टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा आणि म्हणा, 'काढा आणि काढता काढता बोला.' हातवारे माइकला दिसत नाहीत. चित्र काढणारा माणूस मात्र 'हा इथे धरणाचा तळ, ही इथून खाली भेग गेली, आता बघा पाणी इथून...' असं आपोआप शब्दांत आणतो. मराठीही सुधारते. इंग्रजीत शिकलेला शास्त्रज्ञ मुद्दा मांडताना इंग्रजीत जातो, पण बोट दाखवताना मराठीत येतो.

भाषेचं थोडं बोलायलाच हवं. छापील मराठीतली परिभाषा कानाला पेलत नाही. 'जलाशय-प्रेरित भूकंपप्रवणता' वाचता येईल, ऐकता येणार नाही, कारण मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय नाही. मी 'पाण्याने चाळवलेले भूकंप' म्हणते आणि भागभर तोच शब्द धरून ठेवते. उलट डार्क मॅटर, न्यूट्रॉन, पल्सार हे शब्द आहेत तसेच वापरते. लोकांनी ते ऐकलेले असतात. आकड्यांचंही तेच. मिनिटाला एकाहून जास्त आकडा कानात राहत नाही. वर मी कोयनेचे जेवढे आकडे एका दमात लिहिले, तेवढे ऑडिओत दिले असते तर ऐकणारा दुसऱ्याच वाक्याला सुटला असता.

कधी आकडा सांगण्यापेक्षा ऐकवणं शक्य असतं. अणूच्या बाहेर सुटा पडलेला न्यूट्रॉन टिकत नाही, साधारण पावणेपंधरा मिनिटांत त्याचा क्षय होतो. हा सरासरी काळ मोजायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत अतिशय थंड न्यूट्रॉन बंद जागेत कोंडतात आणि किती उरले ते मोजतात. उत्तर येतं सुमारे ८७८ सेकंद. दुसरीत न्यूट्रॉनांचा झोत सोडून क्षयातून निघालेले प्रोटॉन मोजतात, तिथे सुमारे ८८८. दोन्हीकडची माणसं काटेकोर, तरी फरक त्यांच्या चुकीच्या मर्यादेत मावत नाही. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हेलियम किती तयार झाला याचं गणित या काळावर अवलंबून आहे, म्हणून हा फरक क्षुल्लक नाही. मी भागात एवढंच केलं: 'फरक किती आहे ते ऐका' असं म्हणून १० सेकंद फक्त घड्याळाची टिकटिक ठेवली. ऑडिओत १० सेकंद फार मोठे असतात. ऐकणाऱ्यांनी सर्वांत जास्त पत्रं त्या १० सेकंदांबद्दल लिहिली.

काही प्रश्न मात्र आवाजात उतरतच नाहीत, हेही मान्य करा. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदी वापरून भारतीय आणि जपानी संशोधकांच्या गटाने युरोपीय गटाबरोबर जून २०२३ मध्ये पल्सारांच्या, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदींतून एका अतिमंद गुणगुणीचा, म्हणजे गुरुत्वीय लहरींचा, पुरावा मांडला. ती महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची आहे की विश्वाच्या आरंभापासूनची, हे ठरायचं आहे. त्या लहरीचं एक आंदोलन पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात. ४४१ पट वेग काय कामाचा? मी पल्सारचे ठोके ऐकवले, गुणगुणीच्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि तसं सांगितलं.

एका बाबतीत फार सावध राहा. सुटलेला प्रश्न न सुटलेला भासवणं हा आपल्या कामातला सर्वांत घातक दोष आहे. लस, हवामानबदल, धरण आणि भूकंपाचा संबंध, यांत 'दोन बाजू' बसवून गूढ तयार करणं सोपं आहे. प्रत्येक भागाच्या स्क्रिप्टवर मी सर्वांत वर दोन ओळी लिहिते, एक 'हे ठरलेलं आहे' आणि एक 'हे ठरलेलं नाही'. त्या ओळी लिहिता येईनात, तर माझा अभ्यास कच्चा आहे असं समजून मी ध्वनिमुद्रण पुढे ढकलते. गूढाच्या रिकाम्या जागेत भोंदू लगेच येऊन बसतात. ती जागा किती रुंद आहे हे आपण मोजून सांगितलं, तर त्यांना तिथे बसणं अवघड जातं.

साधनांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन ओळी. महागड्या माइकपेक्षा जागा महत्त्वाची. कपड्यांचं कपाट आणि दोन गोधड्या पुरतात. बाहेर ध्वनिमुद्रण कराल तिथली एक मिनिटाची निव्वळ शांतता वेगळी घ्या, एडिटला लागतेच. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घाला.

राहिला शेवट. कोयनेचा भाग दुसऱ्यांदा करताना मी आजींच्या घरी गेले. जुलैचे दिवस होते. बातम्यांत धरणाचा साठा किती टीएमसी झाला ते सांगत होते. आजींनी तो आकडा ऐकला आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची जड पितळी भांडी एकेक करून खाली उतरवायला लागल्या. मी विचारलं, "आजी, हे दरवर्षी?" त्या म्हणाल्या, "पानी चढलं की उतरवते. दिवाळी झाली की बघते, मग ठेवते." भूकंपशास्त्रज्ञांच्या आलेखातला पावसाळ्यानंतरचा चढ मी त्याच आठवड्यात कागदावर पाहिला होता.

भाग तिथेच संपतो. आधी निवेदन, गोठण्याच्या विवराखाली काय पाहायचं राहिलं आहे त्याचं. मग भांडी जमिनीवर टेकवल्याचा आवाज, एकामागून एक, ४० सेकंद. त्याखाली संगीत नाही.